‘सर, हे पोरांबरोबर पण होतं का?’

पत्र थोडक्यात असं (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) : पत्रलेखक सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात आणि नववीचे वर्गशिक्षक आहेत. यंदा शाळेत सुरक्षितता, मनाचं आरोग्य आणि नातेसंबंध यांवर दर शनिवारी एक तास घ्यायचं ठरलं. मुलींचा तास मॅडम घेणार, मुलांना तेवढा वेळ मैदानावर सोडायचं, असं स्टाफ मीटिंगमध्ये पाच मिनिटांत मंजूर झालं. दोन शनिवार तसे पार पडले. मग वह्या तपासताना एका मुलाच्या वहीत, प्रकाशाच्या परावर्तनाच्या आकृतीखाली, पेन्सिलीने लिहिलेली बारीक ओळ दिसली : ‘सर, हे पोरांबरोबर पण होतं का?’ ती वही नऊ दिवस सरांच्या कपाटात आहे. टवाळी असेल का? आपण विचारायला गेलो तर नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल का? पुरुष शिक्षकाने एकट्या मुलाशी असल्या विषयावर बोललं आणि उद्या बालंट आलं तर? संस्थाचालकांनी आधीच बजावलंय, ‘शाळेचा बोभाटा नको.’ बायको म्हणते, पान फाडा आणि वही देऊन टाका. सर विचारतात, मी काय करू?

सर,

तुमचा मेल रात्री दीड वाजता आलेला दिसतो. दिवसभर तासिका घेऊन दमलेला माणूस दीडपर्यंत जागा आहे, म्हणजे ते पान फाडायचं नाही हे तुमचं तुम्हाला ठाऊक आहे. सोबतीला कुणीतरी हवंय, एवढंच. वहिनींनी फाडा म्हटलं तेही तुमच्या काळजीपोटी, त्यांच्यावर रागावू नका.

आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर, कारण तो नऊ दिवस थांबलाय. हो, पोरांबरोबर पण होतं. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बालकांवरच्या अत्याचारांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला होता. १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलामुलींशी बोलून केलेला. त्यातल्या ५३.२२ टक्क्यांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. यात घाणेरडी चित्रं दाखवण्यापासून बलात्कारापर्यंत सगळं धरलंय. आणि असं सांगणाऱ्यांत ५२.९४ टक्के मुलगे होते. निम्म्याहून जास्त, सर. त्रास देणाऱ्यांपैकी निम्मे लोक मुलांच्या ओळखीतले, विश्वासातले. बहुतेक मुलांनी तोवर कुणालाही काही सांगितलं नव्हतं.

आणि ज्या सालात हा अहवाल आला, त्याच २००७ मध्ये आपल्या राज्यात लैंगिक शिक्षणावरून गदारोळ झाला आणि ते शाळांतून थांबवलं गेलं. तुमच्या स्टाफरूममध्ये आज जे तिशी-चाळिशीचे आहेत, त्यांना विद्यार्थी असताना हे कुणी शिकवलं नाही आणि डी.एड., बी.एड.लाही शिकवलं नाही. तेव्हा तुमची धांदल उडाली यात नवल नाही.

आता त्या ओळीकडे जरा निरखून बघू. पेन्सिलीने लिहिलीय. तुमच्या वर्गात नववीची पोरं वहीत पेनाने लिहितात, पेन्सिल आकृतीपुरती. म्हणजे खोडता यावं अशी सोय ठेवून त्याने लिहिलंय. टवाळी करणारा पोरगा बाकावर लिहितो, संडासाच्या भिंतीवर लिहितो. स्वतःचं नाव घातलेल्या, तुमच्याच हातात पडणाऱ्या वहीत लिहीत नाही.

दुसरी गोष्ट, तो ‘हे’ हा शब्द. हे म्हणजे काय? तो तर मैदानावर होता. म्हणजे मुलींनी तासात काय ऐकलं ते त्याने कुणाकडून तरी काढून घेतलंय, नाहीतर खिडकीशी उभं राहून ऐकलंय. मैदानावर कबड्डी चालू असताना हा पोरगा खिडकीशी होता, असं धरून चला. त्याच्याबरोबर काही झालंच आहे, असा अर्थ मी लावत नाही. भावाबरोबर झालं असेल, मित्राबरोबर झालं असेल, नुसती उत्सुकताही असेल. पण उत्सुकतेलाही उत्तर लागतं. ते आपण दिलं नाही तर मोबाइल देतो, आणि मोबाइल काय उत्तर देतो ते तुम्हाला माहीत आहे.

मैदानाचा तो ठराव कुणी वाईट हेतूने केला नाही हे मला कळतं. पण त्यातून मुलांच्या पदरात काय पडलं बघा. मुलींना कळलं की त्रास होऊ शकतो आणि मदत मागता येते. मुलांना कळलं की हा बायकांचा विषय आहे आणि त्यात आपलं काम असलंच तर त्रास देणाऱ्याचं. ज्याला खरंच त्रास होतोय त्या मुलाने जायचं कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कायद्याने हा भेद २०१२ मध्येच मोडीत काढला. पोक्सोमध्ये, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्यात, ‘बालक’ म्हणजे १८ वर्षांखालची कुठलीही व्यक्ती. मुलगा-मुलगी हा फरकच नाही. शाळांमध्ये मात्र अजून आहे. शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी असलेल्या आपल्या ‘सखी सावित्री’ समित्या सगळ्याच विद्यार्थ्यांसाठी आहेत, पण ते नाव ऐकून नववीतला एखादा पोरगा तिथे जाईल का? तक्रारपेटीचंही तेच. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारने कॅमेरे, तक्रारपेटी यांबद्दल पुन्हा कडक आदेश काढले, ते योग्यच झालं. पण मी पाहिलेल्या बहुतेक पेट्या हेडसरांच्या केबिनच्या दाराशीच लटकवलेल्या आहेत, शिपाईमामांच्या स्टुलाच्या बरोबर वर. चिठ्ठी टाकणाऱ्याला सगळी शाळा बघते. त्या मुलाने तुमची वही निवडली, कारण त्याला तीच एक सुरक्षित पेटी वाटली.

तुम्ही म्हणता, नसलेलं डोक्यात भरवल्यासारखं होईल. ही भीती इतक्या जणांकडून ऐकलीय की तिच्यावर मी आता चिडत नाही. पण ओळ त्याने लिहिलीय, तुम्ही नाही. जे आहे ते आधीच त्याच्या डोक्यात आहे. लैंगिक शिक्षणाने मुलं लवकर ‘त्या’ वाटेला लागतात असं जगभरच्या अभ्यासांत दिसत नाही. युनेस्कोने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत हे स्पष्ट म्हटलंय. आत्महत्येबद्दलही तसंच. एखाद्या खचलेल्या मुलाला ‘जीव द्यावासा वाटतो का’ असं सरळ विचारल्याने तो विचार त्याच्या मनात नव्याने येत नाही. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून पुष्कळांना हलकं वाटतं.

मग बोलायचं कसं? इथे जरा सावकाश जाते, कारण सगळं इथेच आहे.

त्याला ‘मला येऊन भेट’ म्हणून वर्गात उभं करू नका. स्टाफरूममध्ये तर नकोच. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत काही काम काढा. परावर्तनाचा धडा चाललाय ना, मग आरसे आणि भिंगं पुसून कपाटात लावायची आहेत म्हणा. दार सताड उघडं ठेवा. व्हरांड्यातून जाणाऱ्याला तुम्ही दोघं दिसावं, पण ऐकू जाऊ नये. एका सहकाऱ्याला आधीच सांगून ठेवा की मी अमुक विद्यार्थ्याशी अभ्यासापलीकडचं थोडं बोलणार आहे. बालंटाची तुमची भीती मी हसण्यावारी नेत नाही. उघडं दार आणि माहीतगार सहकारी यांनी तुम्हीही सुरक्षित राहता आणि तोही. आणि समोरासमोर खुर्चीत बसवून पोरं बोलत नाहीत, हा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. हात कामात असले, नजर आरशावर असली की बोलतात.

मग साधं सांगा. ‘तुझ्या वहीत एक प्रश्न होता. चांगला प्रश्न आहे. उत्तर हो आहे. पोरांबरोबर पण होतं, आणि झालं तर त्यात त्या पोराची चूक नसते, करणाऱ्याची असते. उत्तर द्यायला मला उशीर झाला, ते माझं चुकलं.’

एवढं बोलून गप्प बसा. शिक्षकाला हेच सगळ्यात जड जातं. वर्गात शांतता पसरली की आपण लगेच पुढचा प्रश्न टाकतो. इथे नका टाकू. ‘तुझ्याबरोबर झालं का? कोण होता? शेजारचा का?’ असलं काही नको. आपण नाव सुचवलं की पुढे ते नाव त्याचं की आपलं, हा घोळ होतो. तो कदाचित म्हणेल, ‘काही नाही सर, सहज विचारलं.’ म्हणू दे. ‘बरं. पुन्हा सहज काही विचारावंसं वाटलं तर विचार,’ म्हणा आणि आरसे पुसत राहा. पुष्कळ मुलं पहिल्या खेपेला फक्त पाणी किती खोल आहे ते बघून जातात.

आणि एक वचन कधीही देऊ नका. मी दिलं होतं. वीसेक वर्षं झाली असतील, एका शाळेत समुपदेशक म्हणून नवी होते. सातवीतली एक मुलगी म्हणाली, ‘बाई, कुणाला सांगणार नसाल तर सांगते.’ मी म्हटलं, ‘नाही सांगणार, शप्पथ.’ तिने सांगितलं. आणि मग मला सांगावंच लागलं, कारण शाळा सुटली की ती त्याच घरात परत जात होती. पुढे तिची तिथून सुटका झाली. पण दहावी होऊन शाळा सोडेपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. व्हरांड्यात समोर आले की भिंतीकडे बघत निघून जायची. तेव्हापासून मी मुलांना आधीच सांगते : ‘तू सांगशील ते मी चघळणार नाही. पण तुला सुरक्षित ठेवायला एक-दोन माणसांची मदत लागली तर त्यांना सांगावं लागेल. कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन.’ हे ऐकून काही मुलं थबकतात. बहुतेक तरीही सांगतात.

त्याने सांगितलंच, तर ‘बरं झालं मला सांगितलंस’ हे पहिलं वाक्य. ‘तू ओरडला का नाहीस’, ‘एवढे दिवस काय करत होतास’ हे कधीच नाही. पोरांच्या बाबतीत आणखी एक जखम असते, ‘तू तर मुलगा आहेस, हाणायचं ना त्याला.’ ते वाक्य कुणी बोलणार नाही एवढं बघा. तो गेल्यावर लगेच त्याच्याच शब्दांत लिहून काढा, तारीख-वेळ घाला. मध्येच तेलुगू किंवा कन्नड शब्द आला असेल तर तोही तसाच लिहा. पूर्व भागात घरची भाषा वेगळी, शाळेची वेगळी. शरीराच्या अवयवांचे शब्द मुलांना घरच्याच भाषेत माहीत असतात, ते आपण सोज्वळ मराठीत फिरवले की अर्थ निसटतो. मुलाला पुन्हा पुन्हा सगळ्यांसमोर सांगायला लावू नका, आणि ज्याचं नाव घेतलं त्याला शाळेत बोलावून ‘समोरासमोर’ तर मुळीच करू नका.

खरं-खोटं करणं तुमचं काम नाही, पोलिसांचं आहे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे असा गुन्हा घडल्याचं किंवा घडू शकतो असं ज्याला कळतं त्या प्रत्येकावर तो कळवण्याची जबाबदारी आहे. कळवलं नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत. प्रामाणिकपणे कळवणाऱ्याला मात्र कायदा संरक्षण देतो. नुसत्या त्या पेन्सिलीच्या ओळीवर उद्या चौकीत धावा असं मी म्हणत नाही, तो अजून प्रश्नच आहे. पण पुढे पाऊल पडलं तर डगमगू नका. कसं करावं सुचत नसेल तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, शिक्षकांनीही करायला हरकत नाही. आईवडिलांना कधी आणि कसं सांगायचं, हे तो कुणाचं नाव घेतो त्यावर ठरतं. तेही तिथे विचारा. पोलीस मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल अशा जागी घेतात, गणवेश न घालता. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. प्रकरण २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं.

संस्थाचालकांना बोभाट्याची काळजी आहे ना? त्यांना कलम २३ दाखवा. मुलाचं नाव, पत्ता, फोटो, घरचे, शेजार, शाळा, ज्याने ओळख पटेल असं काहीही छापायला किंवा दाखवायला बंदी आहे. म्हणजे शाळेचं नावसुद्धा. नियमाने गेलात तर बोभाटा होत नाही. झाकायला गेलात तर मात्र सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत सगळ्यांना कळतं.

तो काहीच बोलला नाही तरी लक्ष असू द्या. पोरं दुःखी झाली की रडत नाहीत, भांडतात. किंवा एकदम गायब होतात, वर्गात असून. एप्रिलच्या सोलापुरी उन्हात जो पोरगा रोज फुल बाह्या घालून मनगटापर्यंत बटण लावतो, त्याच्या हाताकडे एकदा बघावं. पीटीच्या तासाला रोज पोट दुखतं, ठरावीक गल्लीतून जायला नको म्हणतो, गड्ड्याच्या जत्रेलाही जात नाही, हे सगळं लक्षात ठेवण्यासारखं. अशा वेळी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. आणि आपल्या सिव्हिलमध्ये मनोविकार विभाग आहे. तिथे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे, हे पालकांना सांगायला वर्गशिक्षकाइतका दुसरा भरवशाचा माणूस नाही.

आता शनिवारचा तास. हेडसरांकडे जा आणि मुलांना मैदानावरून आत घ्या असं सांगा. त्यासाठी तुम्हाला भांडावं लागणार नाही. केंद्राने २०२० साली आयुष्मान भारतखाली जो शालेय आरोग्य कार्यक्रम आणला, त्यात ११ विषय आहेत. भावनिक आरोग्य, नातेसंबंध, हिंसेपासून सुरक्षितता, इंटरनेटचा सुरक्षित वापर हे सगळे त्यातच येतात. शिकवायला प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक, शक्यतो एक पुरुष आणि एक स्त्री. म्हणजे तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये असंही म्हटलंय की १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत निदान एक प्रशिक्षित समुपदेशक असावा. तो विषयही सभेत काढून ठेवा, लगेच काही झालं नाही तरी इतिवृत्तात येऊ द्या.

मुलांना काय शिकवायचं? ‘चांगला स्पर्श, वाईट स्पर्श’ नववीला पुरत नाही, ते चौथीतलं झालं. मी एकदा नववी-दहावीच्या मुलांसमोर होते. मागच्या बाकावरून एकाने विचारलं, ‘मॅडम, तिने ब्लॉक केलं तर दुसऱ्या नंबरवरून मेसेज केला तर चालतंय का?’ सगळा वर्ग हसला. ‘चालतंय की बे’ असंही कुणीतरी म्हणालं. ‘नाही’ कुणीच म्हणालं नाही. त्या दिवशी माझी टिपणं बाजूला राहिली आणि पाऊण तास आम्ही एवढंच बोललो, की कुणी नको म्हटलं की पोटात काय होतं, लाज वाटते की राग येतो, मित्र काय म्हणतात, आणि त्यानंतरचे दोन तास माणसाने कसे काढावेत. पोरं इतकी बोलली की घंटा ऐकूच आली नाही. ‘नाही’ म्हणायला आपण मुलींना शिकवतो, ‘नाही’ ऐकायला मुलांना शिकवत नाही. सुरुवात तिथून करा. फोटोंचं मात्र रोखठोक सांगा : अठराखालच्या कुणाचाही उघडा फोटो काढणं, पाठवणं, पुढे ढकलणं हा गुन्हा आहे, पाठवणारा स्वतः पंधरा वर्षांचा असला तरी.

पालकांचा विरोध होईल असं तुम्ही लिहिलंय. होईल थोडा. पण सकाळी अकराला पालकसभा ठेवून ‘पालक येत नाहीत’ म्हणण्यात अर्थ नाही. वडील लूमवरून रात्रपाळी करून झोपलेले, आई बिड्या वळत बसलेली. मॅडमना घेऊन संध्याकाळी गल्लीत जा. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू, हात चालूच, अशा चार-पाच जणी एका ओट्यावर सापडतात. तिथे ‘लैंगिक शिक्षण’ हा शब्द काढायची गरज नाही. ‘तुमच्या पोराला कुणी त्रास दिला तर त्याने घरी सांगावं, यासाठी आम्ही तास घेतोय,’ एवढं सांगा. मला आजवर याला ‘नको’ म्हणणारी आई भेटलेली नाही. एक जण तर हातातली बिडी तशीच धरून म्हणाली होती, ‘मॅडम, आमच्या मालकालापण एक तास द्या.’

उद्या मात्र हे सगळं बाजूला ठेवा. उद्या फक्त वही. तिच्यात उत्तर लिहू नका, घरी भावंडं चाळतात. ओळीखाली लाल टिक नको, प्रश्नचिन्हही नको, नेहमीसारखी तारीख घालून सही करा. आणि ती एकटी देऊ नका. वर्गाच्या सगळ्या वह्या पुन्हा एकदा मागवून घ्या, आणि वाटताना त्याची गठ्ठ्याच्या मधोमध कुठेतरी असू द्या.